बेबीताईंची पासवर्डांची वही

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे आणि एके काळी अख्ख्या कुंभार पिंपळगावाच्या किल्ल्या माझ्या पोटात होत्या. हे मी तोऱ्यात सांगत नाही, नोंद म्हणून सांगते. दोनशे तेरा माणसांची गुपितं, आणि त्यातलं एकही मी हरवलं नाही. मला मात्र सुतळीने टेबलाच्या पायाला बांधून ठेवलं होतं, कारण माझ्या आधीच्या वहीची पानं लोकांनी भजी गुंडाळायला एकेक करून नेली होती.

माझा जन्म कुठे झाला ते मला ठाऊक नाही. उसाच्या चिपाडापासूनही कागद होतो म्हणतात. तसं असेल तर मी अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडच्या एखाद्या उसाची लांबची नातेवाईक असेन. खात्री नाही, पण आमच्याकडे नातं जोडायला खात्री लागत नाही.

माझी पहिली आठवण आहे जुन्या जालन्यातल्या एका घाऊक दुकानाची. आम्ही बारा बहिणी एका गठ्ठ्यात होतो. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याच्या, लाल पाठीच्या. प्रत्येक वहीचं एक स्वप्न असतं तसं माझंही होतं. एखादी मुलगी मला खाकी कव्हर घालेल, वर नावाची चिठ्ठी चिकटवेल आणि पहिल्या पानावर सर्वांत सुंदर अक्षर काढेल. दुसऱ्या पानापासून ते बिघडतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मला घेतलं बेबीनंदाताईंनी. सोबत प्रिंटरचे कागद आणि स्टेपलरच्या पिना घेतल्या. येताना एसटीत मी पिशवीत कोथिंबिरीच्या जुडीखाली होते, म्हणून माझी पहिली चार पानं कायमची हिरवट राहिली.

बेबीताई म्हणजे आमच्या गावच्या सेवा केंद्राच्या चालक. वय त्रेचाळीस, शिक्षण बारावी, शिवाय लग्नानंतर केलेला कंप्युटरचा कोर्स. त्यांचे यजमान बद्रीनाथ साखर कारखान्याचा ट्रक चालवतात, त्यामुळे हंगामात घरी कमी असतात. केंद्र म्हणजे घराची पुढची खोली. एक कंप्युटर, एक प्रिंटर, लॅमिनेशनचं यंत्र, एक पंखा आणि दारातल्या बाजेवर सासूबाई, तुळजाबाई. बेबीताई त्यांना आत्याबाई म्हणत. येणाऱ्या प्रत्येकाला तुळजाबाई एकच प्रश्न विचारीत, "कोणाचा रं तू?" उत्तर पटलं की पाय उचलून वाट देत. नाही पटलं तर माणूस उन्हात उभा राही आणि आपल्या आजोबांचं नाव आठवी.

बेबीताईंनी मला हळद-कुंकू लावलं, वर 'श्री' लिहिलं आणि पट्टीने चार रकाने पाडले. नाव, मोबाईल, आयडी, पासवर्ड.

मित्रांनो, पासवर्ड लिहून ठेवायची वेळ का आली, ते ऐका. फॉर्म भरताना बेबीताई म्हणत, "पासवर्ड काय ठेवायचा?" यावर समोरचा माणूस असा बघायचा, जणू बारशाला बोलावून बाळाचं नाव विचारलंय आणि आत्या अजून आलेलीच नाही.

"तुम्हीच ठिवा ना ताई काही तरी चांगलं."

मग बेबीताईच आत्या होत. त्यांनी सगळ्यांचं एकच नाव ठेवलं. गावाचं इंग्रजी नाव, पुढे तो गोल शेपटीचा अ आणि मग एक-दोन-तीन. पीकविम्याचा असो, जातीच्या दाखल्याचा असो, पासवर्ड तोच. विसरायचा प्रश्नच नाही. तरी लोक विसरत, म्हणून तो दोनशे तेरा वेळा माझ्यात लिहिलेला होता. ज्यांचा फोन शेतातल्या पोराकडे असे, त्यांच्या फॉर्मवर बेबीताई आपलाच मोबाईल नंबर टाकत, म्हणजे ओटीपी जागेवर मिळे आणि माणसाला हेलपाटा पडत नसे.

काम चोख होतं. गावात माझं नाव झालं. साहेबराव म्हणून एक आहेत. पांढरंशुभ्र धोतर, गावातल्या प्रत्येक विषयावर मत. ते एकदा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "ही वही न्हाई, तिजोरी हाय तिजोरी." मी लाजले. पाठ आधीच लाल असल्याने कोणाला कळलं नाही.

तिजोरी दिवसभर काउंटरवर उघडी असायची. भिंगरीसारखा पंखा फिरे आणि माझी पानं आपोआप उलटत. ज्याला जे पाहिजे ते दिसे.

आता एकशे सत्त्याऐंशी नंबरच्या ओळीबद्दल सांगायला हवं.

केंद्राच्या समोर लालमियाँ टेलरचं दुकान आहे. त्यांची नात कशफ. तिचे वडील ती लहान असतानाच गेले, आजोबांनी आणि आजीने वाढवलं. आजी अजीजुन्निसा शेवटी आजारी होत्या तेव्हा महिनाभर दवाखान्यात होत्या, आणि तिथली एक नर्स रोज सकाळी त्यांचे केस विंचरून वेणी घालून द्यायची. हे कोणत्याही नर्सच्या कामात लिहिलेलं नसतं. कशफने ते पाहिलं आणि बारावीनंतर काय करायचं ते तिथेच ठरवलं. तिला मार्क चांगले पडले. तिला नांदेडच्या सरकारी कॉलेजात नर्सिंगला जायचं होतं.

एका गुरुवारी ती फॉर्म भरायला आली. तुळजाबाईंनी सवयीने विचारलं, "कोणाची गं तू?"

"लालमियाँची कशफ, आजी. रोज तर बघता."

"रोज इचारावं लागतं. माणूस बदलत असतं."

फॉर्म भरला. पहिली पसंती नांदेड, खाली आणखी पाच कॉलेजं. शेवटचं बटण दाबलं की फॉर्मला कुलूप लागतं, मग काही बदलता येत नाही. कशफ म्हणाली, "परवापर्यंत मुदत आहे ना ताई? दोन दिवस विचार करते." बेबीताईंनी माझ्यात ओळ लिहिली. मोबाईल नंबर स्वतःचा टाकला, कारण कशफच्या घरी एकच फोन होता आणि तो लालमियाँच्या खिशात असायचा.

शुक्रवारी दुपारी बेबीताई भाकरी टाकायला आत गेल्या असताना लालमियाँ दुकानात आले. तुळजाबाईंनी पाय उचलले. लालमियाँच्या मनात एवढंच होतं की नातीचा फॉर्म भरलाय, तर सगळ्या नात्यागोत्याने दुवा करावी. त्यासाठी फॉर्मचा फोटो पाठवायला हवा. फॉर्म तर कंप्युटरच्या आत, तो दिसेना. वहीत मात्र कशफचं नाव स्वच्छ दिसत होतं. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, एकशे सत्त्याऐंशीव्या ओळीचा फोटो काढला आणि 'खानदान' नावाच्या ग्रुपवर पाठवला. ग्रुपमध्ये तेवीस माणसं होती. खाली बोलून संदेशही टाकला, "बच्ची का फारम है, सब मिलके दुवा करो."

मला त्या क्षणी वाटलं, आपलाही कोणी फोटो काढला. आयुष्यात पहिल्यांदाच. मी जरा ताठ बसले.

बावीस जणांनी दुवा केली आणि थांबले. तेविसावा नदीम, कशफचा धाकटा चाचा. जालन्याला त्याचं मोटारसायकलच्या पार्टचं दुकान आहे आणि पुतणीवर जीव. दुवा केल्यावर त्याला वाटलं, आयडी-पासवर्ड आहेच समोर, तर फॉर्म बराबर भरलाय का तेही बघून घ्यावं. बघतो तर पहिली पसंती नांदेड! तो चक्रावला. आपलं घर जालन्यात असताना पोरीने हॉस्टेलात का राहावं? बेबीताईंची चूक झाली असणार. त्याने पहिल्या जागी जालन्याचं, घरापासून दोन गल्ल्यांवरचं कॉलेज टाकलं आणि घोळ होऊ नये म्हणून बाकीची पाचही पुसून टाकली. मग कुलपाचं बटण दाबलं. फॉर्मने ओटीपी मागितला. ओटीपी आला बेबीताईंच्या मोबाईलवर.

शनिवारी सकाळची वेळ. बेबीताईंचे हात पिठाचे, फोन स्पीकरवर.

"बेबीताई, मी नदीम बोलून राह्यलो. वो कशफ के फारम का नंबर आया क्या तुमच्याकडं?"

बाजेवरून आवाज आला, "कोणाचा हाय?"

"लालमियाँचा नदीम हाय, आत्याबाई."

"मंग दे की. घरचाच हाय."

आणि बेबीताईंनी सहा आकडे वाचून दाखवले. एकेक करून, सावकाश, नीट ऐकू जावेत म्हणून. दुपारी कशफ कुलूप लावायला आली, तेव्हा ते आधीच लागलेलं होतं आणि आत एकटं जालना होतं.

यादी लागली तेव्हा जालन्याच्या त्या कॉलेजात कशफचा नंबर लागला नाही. नांदेडला सर्वांत शेवटी जिला जागा मिळाली, तिला कशफपेक्षा अकरा मार्क कमी होते. कशफचं वर्ष गेलं.

ती दुकानात आली, माझं ते पान उघडलं, ओळ वाचली आणि मला मिटलं. आपटलं नाही. मित्रांनो, वहीला माणसाचा राग हातावरून कळतो. तिच्या हातात राग नव्हता, म्हणून मला जास्त वाईट वाटलं.

लालमियाँनी आपला फोन शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये, बॉबिन आणि बटणांच्या डब्याशेजारी ठेवून दिला आणि तो काढणं बंद केलं. नदीमचं गावाकडे येणं थांबलं. बेबीताई चार दिवस प्रत्येक फॉर्म तीन-तीनदा तपासत होत्या. पाचव्या दिवशी त्या समोर गेल्या आणि लालमियाँच्या उंबऱ्याशी उभ्या राहिल्या.

"मामू, चूक माझी. नंबर मी सांगितला."

लालमियाँनी मशीन थांबवली. "फोटू मैं भेज्या था, बेबी. चूक वाटायला बसलो तर दोघांना पुरून उरंल."

त्यानंतर काही आठवड्यांनी केंद्र चालकांच्या ग्रुपवर एक संदेश आला. माहितीच्या सुरक्षिततेचा पाया, घरबसल्या ऑनलाईन शिका, आठ पाठ, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. असे संदेश बेबीताई वाचत नसत. हा त्यांनी दोनदा वाचला. मग कशफला हाक मारली. ती आजोबांच्या दुकानात काजं करत बसलेली असायची.

"कशफ, मला शिकायचंय हे. शिकवणारा हिंदीत बोलतो, अन् मधूनमधून विंग्रजी. तू बसशील का बाजूला?"

कशफने सुई सदऱ्यात खोचून ठेवली. "बसते की. मला तरी यंदा कुठं जायचंय."

असा अभ्यास सुरू झाला. दुपारी दोन ते चार, गिऱ्हाईक नसण्याच्या वेळात. नवी वही घ्यायची तर उगाच खर्च, म्हणून बेबीताईंनी मला उलटं केलं आणि मागच्या पानांवर टिपणं काढायला लागल्या. पुढून मी गावाची तिजोरी, मागून विद्यार्थिनीची वही. माझं लहानपणीचं स्वप्न अर्धं पुरं झालं. अक्षरही सुंदर होतं, पहिल्या पानापुरतं.

पडद्यावरचे मास्तर फार सावकाश बोलत. दुसरा पाठ पासवर्डांचा होता. ते म्हणाले, काही लोक गावाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन असा पासवर्ड ठेवतात. बेबीताईंनी व्हिडिओ थांबवला.

"हा माणूस आपल्या दुकानात येऊन गेला काय गं?"

"न्हाई ताई. सगळेच तसं करतात."

"मंग एवढं हसू का दाबून राह्यली तू?"

तिसरा पाठ मात्र माझ्याच मुळावर आला. मास्तर म्हणाले, पासवर्ड उघड्यावर, वहीत लिहून ठेवू नयेत. बेबीताईंनी ते वाक्य माझ्याच पानावर, माझ्याच पेनने लिहिलं. 'पासवर्ड वहीत लिहू नये.' खाली दोन रेघा ओढल्या. स्वतःच्या मरणाचा कागद स्वतःच्या पोटात बाळगणं काय असतं ते मला त्या दुपारी समजलं. पण खरं सांगते, अक्षर वळणदार होतं.

चौथा पाठ ओटीपीचा. मास्तर म्हणाले, हे आकडे कोणालाही सांगू नका. बेबीताईंनी पेन टेकवलं आणि ते पुढे सरकेना. शाईचा एक ठिपका माझ्यात मोठा होत गेला. पंखा फिरत होता. मग कशफने त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि स्वतः लिहिलं, 'ओटीपी कोणालाही सांगू नये.' त्याखाली बारीक अक्षरात आणखी तीन शब्द लिहिले, 'होतं कधी कधी.'

हे तीन शब्द त्या अभ्यासक्रमात नव्हते.

पाचवा पाठ होता ओळख पटवण्याचा. समोरचा माणूस तोच आहे का, हे कसं तपासायचं. बेबीताई खुलल्या. "हे तर आत्याबाई रोजच करतात दारात. कोणाचा रं तू!" बाजेवरून तुळजाबाईंनी मान हलवली. आपण करतो त्याला अभ्यासक्रमात जागा आहे, याचं त्यांना काही विशेष वाटलं नाही.

पण मास्तरांचं संपलं नव्हतं. ते म्हणाले, ओळख पटणं ही एक गोष्ट आणि त्या माणसाचा हक्क असणं ही दुसरी.

बेबीताईंनी तेवढाच भाग पुन्हा लावला. मग पुन्हा. चौथ्यांदा त्यांनी व्हिडिओ बंद केला.

"नदीमभाई खरेच नदीमभाई होते," त्या हळूच म्हणाल्या. "आत्याबाईंनी इचारलं, मी सांगितलं, सगळं बराबर होतं. पण फॉर्म त्यांचा नव्हता गं."

"न्हाई," कशफ म्हणाली. "माझा होता."

एवढंच बोलून ती उठली आणि आजोबांच्या सदऱ्याची राहिलेली काजं करायला गेली. दुसऱ्या दिवशी दोन वाजता पुन्हा आली.

परीक्षेत बेबीताई दोनदा नापास झाल्या. पहिल्यांदा एक प्रश्न होता, तुमचा पासवर्ड कोणाला सांगावा? पर्याय होते जोडीदाराला, बँकेला, सेवा केंद्र चालकाला आणि कोणालाही नाही. बेबीताईंनी तिसऱ्यावर खूण केली.

"ताई!"

"मंग मी इथं काय करायला बसले?"

दुसऱ्यांदाही त्यांनी तीच खूण केली. या वेळी पंधरा मिनिटं विचार करून. तिसऱ्यांदा त्यांनी चौथ्या पर्यायावर खूण केली, पण चेहरा असा, जणू नोकरीचा राजीनामा देत आहेत. दहापैकी नऊ मार्क पडले. बेबीताईंनी प्रमाणपत्र छापून लॅमिनेशन केलं आणि तुळजाबाईंनी ते देव्हाऱ्याच्या बाजूला टांगलं. त्या रोज दोन्हीकडे एकत्रच उदबत्ती ओवाळत.

आणि बेबीताईंनी ठरवलं, गावाच्या किल्ल्या गावाला परत करायच्या.

आठवडी बाजाराचा दिवस धरला. दारात टेबल मांडलं. ज्याचं नाव येईल त्याने आत यायचं, स्वतःच्या हाताने नवा पासवर्ड टाकायचा, बेबीताई तोंड फिरवून बसतील. मोबाईल नंबरही ज्याचा त्याचा टाकायचा. झालं की माझ्यातली ती ओळ काळ्या शाईने मारून टाकायची.

मित्रांनो, गावाला वाटलं बेबीताई रागावल्या. सगुणाबाई नावाच्या एक म्हाताऱ्या आहेत. त्या टेबलाला धरून उभ्या राहिल्या.

"माझी किल्ली माझ्याच अंगावर टाकून राह्यली. काय चुकलं गं माझं, बेबी?"

"तुमचं काई न्हाई चुकलं, मावशी. माझं चुकलं होतं."

"मंग तुझी शिक्षा मला का?"

यावर आठपैकी एकाही पाठात उत्तर नव्हतं. बेबीताईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि एकेक अक्षर दाबायला अर्धा तास लागला तरी तोंड फिरवून बसल्या.

साहेबराव आत गेले, दोन मिनिटांत बाहेर आले आणि पायरीवरून भर बाजारात म्हणाले, "ज्याला इचारायचं त्याला इचारू द्या. आपण म्हशीचं नाव टाकलंय. कोणाच्या बापाला सांगणार न्हाई." त्यांना एकच म्हैस आहे आणि तिचं नाव गावात सगळ्यांना माहीत आहे. बेबीताईंनी त्यांना परत आत बोलावलं.

असे सात बाजार गेले. मी हळूहळू काळी पडत गेले. ओळ मारली की शाई ओली असेपर्यंत थंड वाटायचं. पुढची ओळ, पुढचं नाव. एकशे सत्त्याऐंशीव्या ओळीवर मात्र कशफने स्वतः शाई फिरवली.

वर्ष फिरलं आणि प्रवेशाचे फॉर्म पुन्हा सुटले. यंदा कशफकडे तिचा स्वतःचा फोन होता, काजं करून घेतलेला. ती कंप्युटरसमोर बसली. बेबीताईंनी खुर्ची वळवली आणि भिंतीकडे तोंड केलं. लालमियाँ दारात आले होते. त्यांना कोणी काही सांगितलं नाही. ते आपणहून मागे फिरले आणि रस्त्याकडे तोंड करून, हाताची घडी घालून उभे राहिले.

"दादाजान, आत या ना. पंखा आहे."

"न्हाई. मैं इधरीच ठीक हूँ. तू लिख."

नवा पासवर्ड काय ठेवला ते मला माहीत नाही. सात बाजारांत टाकलेले नवे पासवर्डही मला माहीत नव्हते, पण न कळल्याचं बरं वाटलं तो हा पहिलाच.

दुसऱ्या दिवशी कशफ पसंत्या नीट लावून बघत असताना तिच्या फोनवर नदीमचा फोन आला. वर्षात पहिल्यांदा. तिने स्पीकर लावला, कारण लालमियाँ तिथेच बसले होते.

"कशफ, बेटा, पासवर्ड दे जरा. इस बार कुछ नहीं करता मैं. सिर्फ देखता. मेरे दिल को तसल्ली होती."

चाचाने तिला खांद्यावर बसवून जालन्याची जत्रा दाखवली होती, दर ईदला पहिला कपडा त्याच्याकडून यायचा. अशा माणसाला नाही म्हणायचं हे कोणत्या पाठात शिकवतात? कशफने फोन तोंडाजवळ घेतला.

"नहीं चाचा. नहीं बता सकती."

नदीम म्हणाला, "मेरेकू भी नहीं?"

लालमियाँनी फोन हातात घेतला. "नदीम, सुन. मेरेकू भी नई मालूम."

"अब्बा, तुम्हें भी नहीं बताई?"

"मैं पूछाच नई. फारम उसका है, बेटा. दुवा अपनी. दुवा कर, फोटू मत माँग."

तुळजाबाई बाजेवर उठून बसल्या. "कोणाचा फोन हाय?"

"नदीमचा, आत्याबाई."

"घरचाच हाय," तुळजाबाई म्हणाल्या, आणि थोडं थांबून, "पण त्याचं काम न्हाई ते."

फोनमधून एक आवाज आला. मला आधी वाटलं नदीम रडतोय. तो हसत होता, मग थोडा रडलाही असावा. "चाचीला सांगतो," तो म्हणाला, "पोरगी लय पक्की झाली."

कशफने फॉर्मला कुलूप लावलं. ओटीपी तिच्या फोनवर आला. ती तो मनात वाचत होती, तिचे ओठसुद्धा हलले नाहीत.

तिला नांदेड मिळालं. जायच्या दिवशी नदीम पहाटेच जालन्याहून आला आणि तिची पेटी त्याने खांद्यावर घेतली. एसटीच्या टपावर चढवू देईना, आत मांडीवर घेऊन बसला. लालमियाँचा फोन ड्रॉवरमधून बाहेर आला. नात पोचल्याचा संदेश त्यावरच येणार होता.

त्यानंतर माझी पाळी. बेबीताईंनी मला सुतळीतून सोडवलं तेव्हा मला मोकळं वाटेल अशी अपेक्षा होती. वाटलं नाही. मागची टिपणांची पानं त्यांनी जपून कापून घेतली. लालमियाँनी ती शिलाई मशीनवर मधोमध शिवून दिली, दुहेरी टाका घालून. 'होतं कधी कधी' हे पान त्यात आहे. ते पुस्तक आता त्याच सुतळीला टांगलेलं असतं. पुढची काळी पानं मास्तरांच्या सांगण्याप्रमाणे नष्ट करायची होती. जाळावीत म्हणून बेबीताईंनी काडी पेटवली, पण तुळजाबाईंनी ती फुंकून विझवली.

"एवढा चांगला कागद. जाळती काय?"

त्यांनी मला चार दिवस पाण्यात भिजत घातलं, मेथ्या टाकून कुटलं, पालथ्या पातेल्यावर थापून वाळवलं. मित्रांनो, सुरुवातीला मी वही आहे म्हणाले, ते जुन्या सवयीने. आता मी कागदाच्या लगद्याची एक टोपली आहे. दोनशे तेरा पासवर्ड माझ्या अंगात अजूनही आहेत, पण कोणाला वाचायचे असतील तर मेथीचा वास तेवढा येईल.

मला तुमच्याकडे काही मागायचं नाही. आमच्यासारख्या वस्तूंना जपा, असं म्हणायची पद्धत आहे, पण मला भिजवून कुटलं तेच बरं झालं, हे मी मान्य करते. एवढंच सांगेन, की तुमचं जे आहे त्याची किल्ली तुमच्याकडे असू द्या. आणि घरातल्या एखाद्या पोरीने नाही सांगत म्हटलं, तर तिच्याकडे पाठ करून उभं राहायला शिका. आमच्या लालमियाँना ते जमलं, आणि त्यांच्या गुडघ्यात दुखतं.

बेबीताईंनी मला काउंटरवर ठेवलं आहे, पिना आणि रबरं टाकायला. लोक येतात, फॉर्म भरतात, पासवर्ड स्वतः टाकतात. बेबीताई भिंतीकडे तोंड करून बसतात. माणसं जाता जाता एका चिठ्ठीवर काही तरी लिहितात, घडी घालतात आणि म्हणतात, "ताई, आमच्याकडून हरवंल. तुमच्याकडंच राहू द्या."

आजच्या तारखेला माझ्यात एकतीस चिठ्ठ्या आहेत. त्यातल्या दोन साहेबरावांच्या आहेत.